पहिल्या आठवड्याचा अंदाज बांधताना

‘आमचा रोबो दहातले आठ चेंडू टाकतो.’ शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धांच्या हंगामात हे वाक्य मी दर फेब्रुवारीत ऐकतो. मुलं खोटं बोलत नसतात. वर्कशॉपमध्ये त्यांनी खरंच दहा चेंडू मारलेले असतात आणि आठ आत गेलेले असतात. पण मार्चच्या सुरुवातीला पहिल्या आठवड्याच्या स्पर्धा लागतात, तेव्हा त्याच रोबोच्या खात्यात अपेक्षेच्या निम्मेही गुण जमा होत नाहीत. मुलांचे चेहरे उतरतात. इतक्या आठवड्यांची मेहनत वाया गेली असं त्यांना वाटतं. मेहनत वाया गेलेली नसते, अंदाज चुकीच्या पायावर बांधलेला असतो. नव्या संघांवर आणि त्यांच्या मार्गदर्शकांवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

मी अमेरिकेत मिशिगनमध्ये एका हायस्कूलच्या संघाचा मेंटॉर आहे. डीन केमन यांनी स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची रोबोटिक्स स्पर्धा 1992 पासून होते, आणि मिशिगनमध्ये तिचे शेकडो संघ आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी त्या वर्षीचा नवा खेळ जाहीर होतो. त्यानंतर जेमतेम सात-आठ आठवड्यांत मुलं रोबो उभा करतात आणि मैदानात नेतात. तीन रोबो एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. सामना साधारण अडीच मिनिटांचा. त्यातले सुरुवातीचे काही सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, पुढे ड्रायव्हर त्याला हाकतात.

2017 च्या ‘स्टीमवर्क्स’ या खेळाने मला अंदाजाबद्दल सर्वांत जास्त शिकवलं. त्यात गुण मिळवण्याचे दोन मोठे मार्ग होते. एक, पाच इंचांचे प्लॅस्टिकचे पोकळ चेंडू उंच गोलमध्ये मारायचे. दुसरा, गिअर नेऊन द्यायचे आणि रोटर फिरवायचे. ड्रायव्हर चालवत असताना उंच गोलमधल्या तीन चेंडूंना एक गुण, तर फिरू लागलेल्या एका रोटरला 40 गुण. तिसऱ्या रोटरसाठी चार गिअर लागायचे. म्हणजे त्या चार गिअरची बरोबरी करायला 120 चेंडू आत जायला हवेत. कागदावर हा हिशेब कुणीही करू शकत होतं. पण अनेक संघांनी, त्यात आमचाही आला, चेंडू फेकणाऱ्या यंत्रणेवर आठवडेच्या आठवडे घालवले, कारण वर्कशॉपमध्ये चेंडू सरसर आत जात होते आणि ते बघायला फार छान वाटत होतं. सुरुवातीच्या स्पर्धांत गिअर वेळेवर पोचवणारे साधे, भरवशाचे रोबो पुढे गेले. चेंडू मारणारे सुंदर रोबो चेंडू सोडणाऱ्या हॉपरखाली रांग लावून उभे राहिले.

त्या हंगामात मी बाकावर बसून, हातात कागद घेऊन, एकेक प्रयत्न मोजला आणि एक गोष्ट स्पष्ट दिसली. नेम थोडाच घसरला होता. घसरली होती ती प्रयत्नांची संख्या. वर्कशॉपच्या हिशेबात आम्ही एका सामन्यात जितक्या फेऱ्या धरल्या होत्या, त्याच्या जवळपासही मैदानात होत नव्हत्या. चेंडू गोळा करायला वेळ लागतो, वाटेत समोरचा रोबो आडवा येतो, नेमाच्या जागेवर पोचेपर्यंत धक्का बसतो, चेंडू आत अडकतो. नेटमध्ये खणखणीत खेळणाऱ्या फलंदाजालाही सामन्यात स्ट्राइकच मिळाली नाही तर धावा कुठून होणार?

म्हणून पहिला नियम हा: ‘नेम किती टक्के?’ याआधी ‘एका सामन्यात प्रयत्न किती?’ हे विचारा. स्पर्धेचे अधिकृत निकाल इथे पुरे पडत नाहीत, कारण ते आत गेलेले चेंडू सांगतात, हुकलेले सांगत नाहीत. हुकलेल्यांची नोंद बाकांवर बसलेल्या मुलांनाच करावी लागते. स्काउटिंगच्या, म्हणजे बाकांवरून खेळ टिपण्याच्या, तक्त्यात ‘आत गेले’ या रकान्याशेजारी ‘मारले’ हा रकाना हवाच.

दुसरा नियम साखळीचा. चेंडू उचलणं, जागेवर पोचणं आणि मारणं या तीन पायऱ्या प्रत्येकी 90 टक्के यशस्वी होत असतील, तर पूर्ण फेरी 90 टक्के यशस्वी होत नाही. गुणाकार करा: उत्तर सुमारे 73 टक्के येतं. वर्कशॉपमध्ये फक्त शेवटची पायरी तपासली जाते, कारण चेंडू हाताने भरलेले असतात आणि रोबो आधीच जागेवर उभा असतो.

तिसरा नियम: थोड्या चाचण्यांवर विसंबू नका. ज्या रोबोचा खरा नेम 75 टक्केच आहे, तोही साधारण अठरातून एकदा दहाच्या दहा चेंडू टाकून दाखवतो. आणि संघ नेमका त्याच दिवसाचा व्हिडिओ जपून ठेवतात. दहातले आठ गेले, तर खरा नेम पन्नासच्या आसपास असू शकतो आणि नव्वदच्या वरही. शंभर मारा, त्यातले ऐंशी गेले तर हा पट्टा बराच आवळतो, साधारण 70 ते 87 टक्के. शंभर चेंडू मारायला एक संध्याकाळ लागते. ती संध्याकाळ काढाच.

शिवाय त्या शंभर फेकी वेगवेगळ्या परिस्थितीत करा. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर आणि अडीच मिनिटं पळून दमलेल्या बॅटरीवर चेंडू फेकणारं फ्लायव्हील सारखं फिरत नाही. एक चेंडू सुटल्यावर त्याचा वेग उतरतो आणि तो सावरण्याआधीच दुसरा गेला तर चेंडू आखूड पडतो. नवे चेंडू आणि वापरून खरखरीत झालेले चेंडू सारखे उडत नाहीत. वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली लक्ष्य अचूक पकडणारा कॅमेरा मैदानाच्या झगझगीत दिव्यांखाली गोंधळू शकतो. म्हणून स्पर्धेच्या ठिकाणी कॅमेरा जुळवायला मिळणारा वेळ गप्पांत घालवू नका.

चौथा नियम स्पर्धा सुरू झाल्यावरचा. पहिल्या दोन सामन्यांत रोबो फार चमकला किंवा फार पडला, तरी लगेच मत बदलू नका. मी मुलांना एक सोपी रीत शिकवतो. आधीच्या हंगामांचे पहिले आठवडे पाहून एक सावध नेम ठरवा, समजा 50 टक्के. तो दहा काल्पनिक प्रयत्नांएवढा मोजा, म्हणजे दहात पाच. आता प्रत्यक्षात दहातले आठ गेले, तर दोन्ही मिळून वीसमध्ये तेरा, म्हणजे 65 टक्के. सामने वाढत जातात तसा खऱ्या प्रयत्नांचा भार आपोआप वाढतो आणि काल्पनिक दहांचा प्रभाव उरत नाही.

संगणकावरच्या आकड्यांनाही हेच लागू आहे. युतीच्या, म्हणजे एका बाजूच्या तीन संघांच्या, एकूण गुणांवरून एकेका संघाचा वाटा काढणारं ‘ओपीआर’ या स्पर्धेत सर्वांच्या ओळखीचं आहे. 40 संघांच्या स्पर्धेत 40 अज्ञातं असतात आणि एका सामन्यातून दोनच समीकरणं मिळतात. म्हणजे प्रत्येक संघ तीन सामने खेळेपर्यंत समीकरणांची संख्या अज्ञातांएवढीही होत नाही. मिशिगनमध्ये एका स्पर्धेत प्रत्येक संघाला बारा पात्रता सामने मिळतात. पहिल्या दुपारच्या ओपीआरवरून बाद फेरीसाठी जोडीदार संघ ठरवायला निघालेल्या मुलांना मी थांबवतो आणि बाकांवरच्या तक्त्याकडे पाठवतो.

आमच्या इथल्या संघांना हंगामात किमान दोन स्पर्धा मिळतात, त्यामुळे पहिलीत शिकलेलं दुसरीत वापरता येतं. मुंबईचा 6024 क्रमांकाचा ‘आर फॅक्टर’ याच स्पर्धेतला. अशा संघांना समुद्र ओलांडून यावं लागतं. पहिली स्पर्धा हीच त्यांची एकमेव ठरू शकते. त्यांनी तर अंदाज पट्ट्याच्या खालच्या टोकावर बांधावा. तेवढ्या नेमावरही उपयोगी पडेल असं एखादं साधं, खात्रीचं काम रोबोला यायलाच हवं.

मुलांना मोठी स्वप्नं पाहू द्या, त्यांना अडवू नका. फक्त स्पर्धेला निघण्याआधी एकदा पूर्ण अडीच मिनिटं रोबो चालवा, समोर एक अडवणारा रोबो ठेवा, आणि मारलेला प्रत्येक चेंडू मोजा. त्यातून जो आकडा निघेल तोच तुमचा अंदाज समजा आणि डावपेच त्यावरच आखा.