कठडा आणि पाणी यांच्यामध्ये

प्रिय सिल्विया,

परवा फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. तू विचारलंस, "आत्या, पप्पा आता कुठे असतील?" मग कळलं, की दुखवट्याला आलेल्या एका बाई तुझ्यादेखत बोलून गेल्या होत्या. वीस वर्षं मिस्सेला न गेलेला माणूस, पापनिवेदन नाही, फादर पोचायच्या आत गेला, त्याचं आता काय व्हायचं! तीन महिने होस्टेलवर हे वाक्य तू एकटी उराशी धरून बसलीस. बाळा, आधी ते खाली ठेव.

असा निवाडा करायचा अधिकार त्या बाईंना नाही, मलाही नाही. चर्चने हजारो स्त्री-पुरुषांना संत म्हणून जाहीर केलं, म्हणजे ते स्वर्गात आहेत असं नाव घेऊन सांगितलं. पण अमुक माणूस नरकात आहे, असं चर्चने आजवर एकाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. यहूदाचंसुद्धा नाही.

म्हणून नरकच नाही, असं मी सांगणार नाही. तुला खोटा धीर देऊन मला झोप यायची नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात नरकाचा अर्थ दिला आहे तो असा, की माणसाने स्वतःहून, अखेरपर्यंत देवाला नाकारायचं आणि त्या नकारात कायमचं राहायचं. देव कोणालाही तिकडे नेमून पाठवत नाही. मग प्रश्न उरतो तो तुझ्या पप्पांच्या अखेरच्या क्षणाचा. तो क्षण आपल्यापैकी कोणी पाहिला? दादर स्टेशनच्या जिन्यावर फुलांच्या टोपलीसकट तो कोसळला, त्या वेळी आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं होती.

फ्रान्समधल्या आर्स नावाच्या खेड्यात जॉन व्हिएनी नावाचे धर्मगुरू होते. १८१८ पासून १८५९ मध्ये मरेपर्यंत ते तिथेच राहिले. लांबलांबून लोक त्यांच्याकडे पापनिवेदनाला येत आणि ते रोज तासन्‌तास पापनिवेदनाच्या लाकडी खोलीत बसून असत. त्यांच्याबद्दल सांगतात, की एक विधवा त्यांच्याकडे आली. तिच्या नवऱ्याने पुलावरून उडी टाकली होती. तो गेला तो कायमचा गेला, अशी तिची खात्री झाली होती. तिने तोंड उघडायच्या आत फादर तिला म्हणाले, तो तारला गेला आहे. पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्ताप करायला वेळ मिळाला. मी कितीतरी वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट मुलांना सांगत आले. तुझे पप्पा गेल्यावर ती मला पहिल्यांदा कळली.

आणि क्रुसावरचा तो चोर आठव. जन्मभर लुटालूट केलेला, बाप्तिस्मा नाही, एक मिस्सा ऐकलेली नाही. शेवटच्या घटकेला त्याने येशूला एवढंच म्हटलं, की माझी आठवण ठेव. त्याच दिवशी नंदनवन मिळेल, असा शब्द येशूने दिल्याचं शुभवर्तमानात आहे, तो त्याला.

पप्पांनी चर्च का सोडलं, ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. तुझ्या आजीच्या मातीच्या दिवशी कोणीतरी पैशांवरून लागेल असं बोललं. तो तापट होता, पायरी चढला नाही ती नाहीच. पण दर शनिवारी दादरला न्यायच्या फुलांतून सोनचाफा बाजूला काढून माझ्या ओट्यावर ठेवायचा, "वेदीवर घाल" म्हणायचा आणि निघून जायचा. या फुलांनी त्याने स्वर्ग विकत घेतला, असं मी म्हणत नाही. स्वर्ग कोणालाच विकत मिळत नाही. तारण ही देवाची कृपा आहे. पण त्याचं दार आतून बंद नव्हतं, हे मी त्याची बहीण म्हणून जाणते.

शुद्धिस्थानाची भीती तुला लहानपणी आम्हीच घातली, त्या ज्वाळांची चित्रं दाखवून. ते आमचं चुकलंच. शुद्धिस्थानात पोचलेला माणूस तारलेला असतो. तो स्वर्गाच्या वाटेवरच असतो, फक्त आत जाण्याआधी त्याला निर्मळ व्हायचं असतं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने सांगितलं, की तिथल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनेचं, विशेषतः मिस्सेचं, साहाय्य होतं. आणि त्याच ठरावात बिशपांना बजावलं, की शुद्धिस्थानाच्या नावाखाली अंधश्रद्धा आणि पैसे कमावणं चालू देऊ नका. पोप बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आशेवरच्या पत्रात काही धर्मपंडितांचं मत सांगितलं आहे, की जाळणारी आणि तारणारी ती आग म्हणजे ख्रिस्तच, त्याची नजर. ते वाचल्यापासून मला ती चित्रं पाहवत नाहीत.

तू म्हणालीस, "मी त्या दिवशी प्रार्थना केली नव्हती, आता उशीर झाला." त्याच पत्रात याचंही उत्तर आहे. देवापुढे आपलं घड्याळ चालत नाही; दुसऱ्याच्या हृदयाला हात लावायला कधीच उशीर झालेला नसतो. तू आज रात्री म्हटलेली जपमाळ त्या जिन्यावरच्या क्षणापर्यंत पोचते, असं मी मानते. मीही ती रोज म्हणते.

२ नोव्हेंबरला ये. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, की चर्च त्यांना विशेष कृपा मिळवून देतं. त्यासाठी पापनिवेदन करून, कम्युनियन घेऊन, पोपच्या हेतूंसाठीही प्रार्थना करायची असते. मी तुझ्याबरोबर येईन. मृतांच्या यादीत त्याचं नाव कालच लिहून आले, आजीच्या नावाखाली. मेणबत्त्या मी घेऊन ठेवते, वाऱ्याला टिकणाऱ्या, काचेतल्या. सोनचाफा मात्र तू तोड. झाड अजून त्याच्याच हाताचं आहे आणि माझा हात वरच्या फांदीला पोचत नाही.

तुझी,
आत्या