आर्यभट्टाचे नाव कायम, प्रजाती नवी

करोल बागेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी हाती आलेल्या जुन्या टिपणांत ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ असे वाचले, तर ते नाव आता मागे पडले आहे, हे लक्षात घ्यावे.

एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. डॉ. जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख अन्वेषक होते. हैदराबादची ‘सीसीएमबी’ आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र येथील तपासणीनंतर २००९ मध्ये तीन नव्या जाती जाहीर झाल्या : जॅनिबॅक्टर हॉयलाय, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. पुढे आर्यभट्टाय जातीचे जीवाणू साध्या मातीतही सापडले, हे ओघाने सांगावयास हवे.

बॅसिलस ही प्रजाती फर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये स्थापिली. दंडाकार, अंतर्बीजाणू तयार करणारा आणि प्राणवायूत वाढणारा जीवाणू आढळला की बहुधा त्याची रवानगी याच कोठारात होई. जनुकक्रम वाचता येऊ लागल्यावर त्यांतील कित्येकांचे नाते फार दूरचे निघाले. २०१६ मध्ये इस्रोनेन्सिस ‘सॉलिबॅसिलस’ प्रजातीत गेला, तर २०२० मध्ये आर्यभट्टाय ‘प्रीस्टिया’त. अशा स्थलांतरात जातिनाम सामान्यतः टिकून राहते. परीक्षेत घोटाळा होतो तो येथेच.

याउलट, ॲन्थ्रॅक्सचा जीवाणू जनुकीयदृष्ट्या बॅसिलस सेरेअसच्या इतका निकट आहे, की दोन्ही एकाच जातीत मोडावेत. तरीही ‘बॅसिलस ॲन्थ्रासिस’ हे नाव राखले आहे. ते बदलल्यास निदानात गोंधळ होऊन रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.