सेंट्रल हीटिंग बंद पडले तर? आधी पाहा, मग हात लावा



आपल्याकडे थंडी पडली की स्वेटर निघतात, शेकोट्या पेटतात. पण शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या घरी भिंतीला रेडिएटर असतात आणि सगळे घर त्यांच्यावरच उबदार राहते. ऐन जानेवारीत हे बंद पडले तर? घाबरू नका. बरीचशी उत्तरे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहेत.

आधी रचना समजून घेऊ. बॉयलर गॅस जाळून पाणी तापवतो. पंप ते पाणी प्रत्येक रेडिएटरमध्ये फिरवतो. उष्णता देऊन थंड झालेले पाणी परत बॉयलरकडे येते. हे चक्र कुठे अडले, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

१) साध्या गोष्टी : बॉयलरला वीज येते का? थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानापेक्षा वर ठेवला आहे का? टायमर बरोबर आहे का? प्रीपेड मीटर असेल तर त्यात पैसे शिल्लक आहेत का?

२) दाब : बॉयलरवरचा काटा पाहा. आजकालच्या बहुतेक कॉम्बी बॉयलरमध्ये पाणी थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार असावा. तो फार उतरला की बॉयलर स्वतःच बंद होतो. माहितीपुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे पाणी भरायचा नळ हळूच उघडा, काटा जागेवर आला की लगेच बंद करा. दाब पुन्हा पुन्हा उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे असे समजा.

३) रेडिएटर वरून थंड, खालून गरम : आत हवा अडकली आहे. हवा पाण्यापेक्षा हलकी, म्हणून ती वर जाऊन बसते. हीटिंग बंद करा, रेडिएटर निवू द्या. खाली फडके धरून वरच्या कोपऱ्यातला स्क्रू किल्लीने जरासा सैल करा. फुस्स आवाज येईल. पाणी येऊ लागले की घट्ट करा आणि दाब पुन्हा तपासा.

४) खालून थंड, वरून गरम : आता उलटा विचार करा. लोखंडाचा गंज जड, तो तळाशी गाळ होऊन बसतो. इथे किल्लीचा उपयोग नाही, आतून सफाई करून घ्यावी लागते.

५) कडाक्याच्या थंडीत बॉयलर बंद, गुडगुड आवाज : धुरातल्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते, तीसुद्धा कंडेन्सिंग बॉयलर वापरून घेतो. ते पाणी बाहेर टाकणारी प्लॅस्टिकची नळी घराबाहेर गोठते. हाताशी असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळते नको. मग बॉयलर रीसेट करा.

आता सर्वांत महत्त्वाचे. बॉयलरचे झाकण कधीही उघडू नका. गॅस अर्धवट जळला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निळी असायची ज्योत पिवळी दिसली, बॉयलरजवळ काजळी दिसली, किंवा घरात डोके दुखते, मळमळते आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते, तर ‘थंडीमुळे होत असेल’ म्हणून सोडून देऊ नका. बॉयलर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात हवाच.

भाड्याने राहत असाल तर हेही माहीत असू द्या : तिथे घरमालकाने दर १२ महिन्यांनी ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीचा कागद मागायला संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.

सरावासाठी प्रश्न :
१. रेडिएटरमधील हवा वर आणि गाळ खाली का जातो?
२. हवा काढल्यावर दाब पुन्हा का तपासावा?
३. कोणती कामे आपण करायची आणि कोणती तंत्रज्ञावर सोडायची? यादी करा.