चिखलणी संपली की ऑइल काढा

आमच्या मालवण भागात ट्रॅक्टरची दुरुस्ती मे महिन्यात निघते. मिरग तोंडावर आला की मेस्त्रीकडे रांग लागते. मला मात्र आता पक्कं वाटतं, जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल लावणी आटोपताच बदलावं, पुढच्या मेपर्यंत थांबू नये.

माझ्याकडे जुना मॅसी 1035 आहे. मद्रासच्या टॅफेने 1960 च्या दशकात मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बनवायला घेतले, त्याच घराण्यातला हा. यात गिअर, डिफरन्शियल आणि मागची लिफ्ट एकाच ऑइलवर चालतात. मसुऱ्याच्या मळ्यात चिखलणी करताना चिखल थेट ॲक्सलपर्यंत चढतो. सीलचा ओठ कडक झाला असेल तर पाणी आत शिरतं, आणि लिफ्टचा पंपही तेच पाणी ओढतो. ऑइल दुधाळ दिसलं की समजावं. असं ऑइल घेऊन गाडी उन्हाळाभर उभी राहिली तर बेअरिंगं आतून गंजतात.

एकदा चिऱ्यांची ट्रॉली घेऊन उताराला लागलो आणि ड्रायव्हर ओरडला, "ब्रेक लागणा नाय!" गाडी गडग्याला घासून थांबली, म्हणून माणसं वाचली. ड्रम उघडला तर लायनर ऑइलने भिजलेले. सील तर नुकतंच नवं घातलेलं! मग कारण सापडलं: ब्रीदर चिखलाने बुजला होता. आत तापलेल्या हवेला वाट नव्हती, तिने ऑइल सीलमधून बाहेर ढकललं. शिवाय शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली होती, तिथेच नव्याचा ओठ टेकला होता.

म्हणून सील घालण्याआधी शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्टवर स्लीव्ह चढवून घ्या. सीलवरचे आकडे, म्हणजे शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, जुन्याशी ताडून पाहा. ओठ ऑइलच्या बाजूला हवा, त्याला ग्रीस लावा, आतली स्प्रिंग निसटू देऊ नका. हातोडी थेट सीलवर नको, सपाट लाकडाचा तुकडा ठेवून सारखं ठोका. चाक काढताना गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नका, खाली भक्कम ठोकळे हवेतच.

ऑइल काढण्याच्या आदल्या रात्री गाडी उभी ठेवा. सकाळी खालचा बोल्ट जरासा सैल केला की तळाशी बसलेलं पाणी आधी येतं; किती शिरलंय ते तिथेच कळतं. मग बोल्ट आवळून, गाडी थोडी चालवून, ऑइल कोमट असताना सगळं काढा. ते डब्यात धरा. व्हाळात ओतलं तर थेट खाडीत जातं.

ऑइल लागलेले लायनर धुऊन परत वापरू नका, नवेच घाला. काम झाल्यावर रिकाम्या गाडीने सपाटीवर डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा तपासा. दोन्ही सारखे धरले, तरच पेडल जोडून ट्रॉली लावा.