मुंबई ते काठमांडू : हवाई अंतर, प्रवासाचा काळ आणि घड्याळातील पंधरा मिनिटे

श्रीपशुपतिनाथाच्या दर्शनास जाणारे भाविक ‘विमानाला किती वेळ लागतो?’ अशी पृच्छा नेहमी करतात. या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. म्हणून हा हिशेब क्रमाने समजून घेणे हिताचे आहे.

अंतर : मुंबई व काठमांडू यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,६०० किलोमीटर असून थेट विमानास साधारणतः अडीच ते पावणेतीन तास लागतात. दिल्लीमार्गे गेल्यास मुंबई-दिल्ली सुमारे १,१४० व दिल्ली-काठमांडू सुमारे ८१५, असे मिळून जवळजवळ १,९५५ किलोमीटर होतात. अंतर साडेतीनशे किलोमीटरनेच वाढते. परंतु दिल्लीस विमान बदलण्यात काही तास जातात. वृद्ध यात्रेकरूंना म्हणूनच थेट विमान सोयीचे पडते.

घड्याळ : भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. नेपाळने १९८६ पासून गौरीशंकर शिखराजवळून जाणारे ८६ अंश १५ मिनिटांचे रेखावृत्त स्वीकारले. एका अंशास चार मिनिटे या नियमाने नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटे असते. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळच छापलेली असते. उदाहरणार्थ, मुंबईहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान २ तास ४० मिनिटांनी पोहोचले, तर काठमांडूत १ वाजून ५५ मिनिटे झालेली असतात. परतीच्या दिवशी मनगटावर भारतीय वेळच राहिल्यास आपण पाव तास उशिरा पोहोचू आणि विमान चुकण्याचा संभव निर्माण होईल. यास्तव उतरताच घड्याळ पुढे करावे.

वारा व हवामान : हिवाळ्यात उत्तर भारतावर अतिशय उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते विमानास साह्य करतात, येताना अडवतात. त्यामुळे परतीचा प्रवास लांबतो. काठमांडूचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून अधिक उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. हिवाळ्यातील सकाळचे धुके व पावसाळ्यातील ढग यांमुळे तेथे विमानांना विलंब होतो.

नियोजन : मंदिर विमानतळापासून अगदी जवळ आहे, तरीही पोहोचण्याच्या दिवशी पूजेचा संकल्प ठेवू नये. परदेशी प्रवास असल्याने विमानतळावर तीन तास आधी उपस्थित राहावे. पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ बाळगावे. अशा रीतीने अडीच तासांच्या उड्डाणासाठी पूर्ण एक दिवस राखून ठेवल्यास दुसऱ्या दिवशीचे दर्शन शांत चित्ताने घडेल.

सर्व यात्रेकरूंचा प्रवास सुखाचा होवो.