क्रम आणि कलह

‘स्कायरिम’ हा संगणकीय खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला, आणि त्यानंतर कितीतरी नवे, देखणे, महागडे खेळ येऊन विस्मृतीत गेले, तरी ज्यांच्या संगणकावरून तो अद्याप बरखास्त झालेला नाही अशा माणसांपैकी मी एक आहे. त्याच्या या दीर्घायुष्याचे श्रेय तो निर्माण करणाऱ्या बेथेस्डाला जितके द्यावे तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, त्या अगणित हौशी मंडळींना द्यावे लागेल, ज्यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘क्रिएशन किट’ हे संपादनाचे साधन सर्वांना खुले झाल्यापासून या खेळातील पर्वतांना नवे हिम, सरायांना नवा उजेड आणि पात्रांना नवे चेहरे व नवे दिनक्रम बहाल केले. या फेरफारांना मॉड म्हणतात हे सांगण्याची आज गरज नाही. गरज आहे ती, असे मॉड शेकड्यांनी एकत्र नांदवताना जो कलह उद्भवतो त्याविषयी चार शब्द बोलण्याची, कारण या बाबतीत जो सल्ला सर्वत्र फुकट मिळतो तो अर्धाच खरा असतो.

तो सल्ला असा, की लोड ऑर्डर, म्हणजे मॉड वाचले जाण्याचा क्रम, नीट लावा म्हणजे सारे सुरळीत होईल. माझा भाचा दर सुटीत आपला लॅपटॉप काखोटीला मारून येतो आणि “मामा, माझी लोड ऑर्डर एकदा नजरेखालून घाल ना,” असे म्हणतो, तेव्हा त्याच्या त्या विनंतीतही हाच समज दडलेला असतो, की यादीतील चार नावे वर आणि चार नावे खाली केली म्हणजे तंटा मिटला. वस्तुस्थिती अशी आहे, की क्रमाने फक्त एवढेच ठरते, दोघांत मतभेद झाला असता शेवटचा शब्द कोणाचा. तो शब्द रास्त आहे की नाही, आणि हरलेल्या पक्षाच्या म्हणण्यात जे राखून ठेवण्याजोगे होते त्याची वासलात काय लागली, याचा निवाडा क्रम करीत नाही. तो खेळणाऱ्यालाच करावा लागतो.

याचे कारण समजून घ्यावयाचे तर खेळाच्या दप्तरात डोकावले पाहिजे. खेळातील प्रत्येक व्यक्तीची, वस्तूची, खोलीची एक स्वतंत्र नोंद असते, आणि एखाद्या मॉडला त्या नोंदीतील एकच रकाना बदलावयाचा असला, तरी त्याचे प्लगइन, म्हणजे त्याच्या नोंदींची फाइल, ती नोंद संपूर्णच्या संपूर्ण नकलून घेते. खेळ सुरू होताना ही प्लगइन्स यादीतील क्रमाने वाचली जातात, आणि ज्याचे वाचन सर्वांत शेवटी होते त्याची नोंद ग्राह्य धरून आधीच्या सर्व नोंदी बाद केल्या जातात. तलाठ्याच्या दप्तरी फेरफार मंजूर होतो तेव्हा सातबाऱ्यावरील ज्या हक्कापुरता अर्ज असेल तेवढाच बदलतो आणि उरलेला उतारा अबाधित राहतो. येथील शिरस्ता मात्र असा, की प्रत्येक अर्जदार अख्ख्या उताऱ्याची आपल्याजवळची जुनी नक्कल घेऊन येतो, तीत आपल्या सोयीचा एक रकाना दुरुस्त करतो, आणि कारकून ती नक्कल पहिल्या सर्व नकलांवर डोळे मिटून चिकटवून देतो.

व्हाइटरन नगरातील ‘बॅनर्ड मेअर’ ही सराई या शिरस्त्याचा उत्तम नमुना आहे. मला या सराईत चुलीच्या विस्तवाचा तांबूस, मंद प्रकाश हवा होता, म्हणून मी प्रकाशयोजनेचा एक मॉड घातला. आणि त्याच सराईत बसाउठायला जरा बरी बाके असावीत म्हणून दुसरा एक लहानसा मॉड त्याच्या खाली घातला. बाके आली, पण उजेड गेला. बाकांचा मॉड करणाऱ्याने प्रकाशाला हातही लावलेला नव्हता. परंतु एखाद्या खोलीत नुसती खुर्ची मांडली, तरी त्या खोलीची नोंद प्लगइनमध्ये नकलून येते, आणि त्या नोंदीत खोलीचा प्रकाश, तिचे संगीत, तिची मालकी हे सारे रकाने मूळ खेळातील जुन्या मजकुरासह असतात. परिणाम असा झाला, की दिवे पहिल्या मॉडचे आणि खोलीचा सर्वसाधारण प्रकाश मूळ खेळाचा, अशी ती सराई धड उजेडातही नव्हती आणि धड अंधारातही नव्हती. येथे क्रम बदलून प्रकाशाचा मॉड खाली नेला तर प्रश्न सुटतो, कारण बाके ही आपापल्या वेगळ्या नोंदींची असल्यामुळे ती जागच्या जागी राहतात. क्रमाने सुटणारा कलह तो हा असा. ज्या नोंदीवरून तंटा आहे तिच्यात हरणाऱ्या पक्षाचे स्वतःचे असे काहीच नसते.

लिडियाची गोष्ट निराळी. ही मानकरीण नायकाची पाठराखीण म्हणून व्हाइटरनच्या जार्लकडून, म्हणजे तेथील अधिपतीकडून, मिळते, आणि तिचे दर्शन सुसह्य करणारे मॉड इतके आहेत, की ज्याच्या खेळात तिचा मूळ चेहरा शाबूत आहे असा खेळाडू विरळाच. माझ्या खेळात एके दिवशी तिचा चेहरा मानेपासून वर काळवंडलेला, शिसवी रंगाचा दिसू लागला. अंगाचा वर्ण यथास्थित आणि मुद्रा मात्र जणू दुसऱ्या कोणाची. खेळाडूंच्या भाषेत याला डार्क फेस म्हणतात, आणि याचे मूळ शोधताना एक गोष्ट ध्यानात येते, जी नवशिक्यांना सहसा कोणी सांगत नाही: क्रम एक नसून दोन असतात. प्लगइन्सचा क्रम वेगळा, आणि चित्रे, आकृत्या, ध्वनी अशा सुट्या फायलींचा क्रम वेगळा. मॉड सांभाळणाऱ्या ‘मॉड ऑर्गनायझर’ या साधनात डावीकडची यादी फायलींचा अग्रक्रम ठरवते आणि उजवीकडची प्लगइन्सचा, एका यादीत जिंकलेला मॉड दुसरीत हरलेला असू शकतो. पात्राचा चेहरा खेळ चालू असताना घडवला जात नाही. तो आधीच तयार करून पात्राच्या मूळ क्रमांकाच्या नावाने, लिडियाच्या बाबतीत ०००ए२सी८ई या नावाने, एका फायलीत ठेवलेला असतो. माझ्याकडे ती फाइल सौंदर्यवर्धक मॉडची जिंकली होती, आणि लिडियाची नोंद मात्र पात्रांचे दिनक्रम सुधारणाऱ्या दुसऱ्या एका मॉडची जिंकली होती, जिच्यात नाक, डोळे, केस यांचे तपशील मूळ खेळातील होते. नोंद एक सांगते आणि फाइल दुसरेच दाखवते, असे झाले की खेळ चेहऱ्याला वर्ण देण्याचे नाकारतो.

आता सौंदर्याचा मॉड दोन्ही याद्यांत खाली नेला तर चेहरा उजळतो, पण लिडिया आपला नवा दिनक्रम विसरते. वर नेला तर दिनक्रम परत येतो आणि चेहरा पुन्हा काळा पडतो. येथे दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच नोंदीत असल्यामुळे क्रमाची कोणतीही फिरवाफिरव निरुपयोगी ठरते, आणि तडजोडीचा तिसरा दस्तऐवज लिहिण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तो लिहिण्याचे साधन म्हणजे ‘एसएसईएडिट’. त्यात दोन्ही प्लगइन्स उघडावीत, लिडियाच्या नोंदीवर जावे, म्हणजे मूळ खेळ आणि प्रत्येक मॉड यांचे म्हणणे शेजारी शेजारी स्तंभांत मांडलेले दिसते. ती नोंद एका नव्या, रिकाम्या प्लगइनमध्ये नकलून घ्यावी. चेहऱ्याचे भाग, केसांचा रंग, वजन, मुद्रेचे आकडे हे सौंदर्याच्या स्तंभातून उचलून त्यात ठेवावे, दिनक्रमाचे रकाने दुसऱ्या स्तंभातून ठेवावे, आणि हा पॅच यादीत दोघांच्याही खाली लावावा. काम पाच मिनिटांचे असते, पण ते एकदा स्वहस्ते केल्यावर कलह म्हणजे काय हे जसे समजते तसे महिनाभर क्रम चाळवूनही समजत नाही. पॅच नवा घेताना त्याला हलक्या प्लगइनची खूण करावी, कारण पूर्ण वजनाच्या प्लगइन्सना जागा २५४ च आहेत, आणि हलकी मात्र एकाच सामाईक जागेत ४०९६ मावतात.

‘एसएसईएडिट’ उघडल्यावर नवखा माणूस हमखास घाबरतो, कारण जिकडे पाहावे तिकडे लाल रंग. लाल म्हणजे कलह हे खरे, पण प्रत्येक कलह हा तक्रारीस पात्र असतोच असे नाही. दोन मॉडांनी एकाच तलवारीची किंमत वेगवेगळी ठेवली असेल तर कोणीतरी एक जिंकणारच, आणि त्यात कोणाचे नुकसान नाही. ज्या नोंदीत हरणाऱ्याचे काहीतरी मोलाचे बुडते तेवढ्याच नोंदींवर वेळ खर्च करावा. व्यापाऱ्यांच्या मालाच्या आणि लुटीच्या याद्यांसारख्या, जेथे प्रत्येक मॉडला आपल्या दोन वस्तू घालावयाच्या असतात, त्यांचे एकत्रीकरण ‘राय बॅश’ हे साधन बहुतांशी आपणहून करून देते.

मग ‘लूट’ या साधनाचे काय, असा प्रश्न येईल. पूर्वीच्या ‘ऑब्लिव्हियन’ या २००६ सालच्या खेळात प्लगइन्सचा क्रम फायलीवरील तारखेवरून ठरत असे, आणि तो बदलण्यासाठी चक्क तारखा बदलाव्या लागत. त्या मानाने आजची सोय राजेशाही आहे. ‘लूट’ कोणते प्लगइन कोणावर अवलंबून आहे ते पाहते, कोणाच्या नोंदी कोणावर पडतात ते ताडते, जाणकारांनी साठवलेले नियम लावते, आणि क्षणार्धात एक समंजस क्रम देते. प्रारंभ तेथूनच करावा. तथापि सराई तुम्हाला उजळ हवी की मंद, हे त्याला कळण्याचा संभव नाही, आणि ते कळत नसताना त्याने दिलेला क्रम अंतिम हुकूम समजणे हे आपली मुखत्यारी दुसऱ्याच्या हवाली करण्यासारखे आहे.

यापुढची गोष्ट अधिक कठोरपणे सांगावीशी वाटते, कारण तिच्या पायी भाच्याचा एक दीर्घकाळ जोपासलेला खेळ हातचा गेलेला मी पाहिला आहे. खेळ ऐन रंगात असताना त्याला एका मॉडचा कंटाळा आला, त्याने तो काढून टाकला, आणि पहिले दोन तास काहीच बिघडले नाही. पुढे सेव्ह उघडण्यास वेळ लागू लागला, मग एका ठराविक रस्त्याने गेले की खेळ बंद पडू लागला, आणि अखेरीस ती सेव्ह उघडेनाशी झाली. मॉडबरोबर येणाऱ्या पॅपिरस भाषेतील आज्ञावलींची स्थिती सेव्हमध्ये लिहिलेली असते. मॉड गेला तरी त्यांचे अवशेष तेथे मागे राहतात. नुसते पोत किंवा चित्रे बदलणारा मॉड केव्हाही काढावा. आज्ञावली असलेला मॉड चालू खेळातून काढू नये, काढलाच तर तो घालण्यापूर्वीच्या सेव्हवर परतावे. मॉडची परीक्षा घ्यावयाची ती स्वतंत्र प्रोफाइलमध्ये, मुख्य पटलावरूनच कन्सोल उघडून ‘सीओसी रिव्हरवुड’ असा हुकूम देऊन. गावात दहा मिनिटे भटकावे आणि ती फेरी सेव्ह न करता टाकून द्यावी.

खेळ सुरू होताच, मुख्य पटल दिसण्याआधीच बंद पडत असेल, तर प्रथम एखाद्या प्लगइनचा आधारभूत मास्टर गहाळ तर नाही ना, ते पाहावे; बहुधा तेच निघते. मधूनच कोठेतरी बंद पडत असेल तर निम्मे मॉड बंद करून पाहावे, दोष कोणत्या निम्म्यात आहे ते ठरवावे, आणि त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे करावे. मात्र हे करताना एखाद्या मॉडचा मास्टर एका गटात आणि तो स्वतः दुसऱ्यात असे होऊ देऊ नये, नाहीतर नसलेला दोष आपणच निर्माण करतो.

आणि ज्या दुखण्याचा क्रमाशी काडीचाही संबंध नाही ते ओळखण्यास शिकावे. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी खेळाची नवी आवृत्ती आली आणि १.५.९७ या जुन्या आवृत्तीसाठी बांधलेले, ‘एसकेएसई’ या खेळाच्या पूरक साधनावर चालणारे मॉड तिच्यावर चालेनासे झाले, डिसेंबर २०२३ मधील १.६.११३० ने तीच कथा थोड्या फरकाने पुन्हा घडवली. त्या दिवसांत कितीतरी मंडळी रात्रभर यादी वरखाली करीत बसली होती, आणि बिघाड होता तो डीएलएल फायलींत, ज्या त्या यादीत दिसतही नाहीत. यास्तव स्टीममध्ये हा खेळ चालवतानाच काय तो अद्ययावत व्हावा अशी तजवीज ठेवावी, खेळ नेहमी ‘एसकेएसई’च्या लोडरमधूनच सुरू करावा, आणि काल चालणारा खेळ आज बंद पडला तर लोड ऑर्डरला हात लावण्यापूर्वी खेळाच्या मुख्य फायलीचे गुणधर्म उघडून तिचा आवृत्तीक्रमांक वाचावा.