गॅलिफ्रेवरच्या मुलांची मोजदाद

विज्ञानकथा म्हटली की आपल्याकडे दोन शेरे ठरलेले असतात. पहिला, 'लहान मुलांचे आहे ते.' दुसरा, 'विज्ञान शाखेवाल्यांनी बघावे, कला शाखेला त्याचे काय?' 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरदर्शन मालिकेचा 'द डे ऑफ द डॉक्टर' हा विशेष भाग मी आजवर सहा वेळा पाहिला आहे, आणि माझे मत असे की तो राज्यशास्त्राच्या तासालाच दाखवावा. रसिक वाचकांपैकी ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी पूर्वपीठिका सांगते.

बीबीसीवर 'डॉक्टर हू'चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी दाखवला गेला. त्याचे दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. नायकाला नाव नाही. सगळे त्याला नुसते 'डॉक्टर' म्हणतात. तो परग्रहावरचा आहे. बाहेरून पोलिसांच्या लाकडी खोक्यासारख्या दिसणाऱ्या आणि आत वाड्याएवढ्या प्रशस्त असणाऱ्या यंत्रातून तो काळात मागेपुढे हिंडतो. मरणाच्या दारी पोचला की त्याचे शरीर पालटते आणि तो नव्या चेहऱ्याने उभा राहतो. (नट बदलण्याची ही युक्ती १९६६ साली प्रथम वापरली. आपल्या मालिकांत नट बदलला की एवढेही कारण कोणी देत नाही.) मालिका १९८९ साली बंद पडली व २००५ साली पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून डॉक्टरच्या मनावर एक ओझे होते. डालेक नावाच्या क्रूर जमातीशी चाललेले महायुद्ध थांबवण्यासाठी त्याने शत्रूबरोबर आपला स्वतःचा ग्रह, गॅलिफ्रे, हाही नष्ट केला होता. ही गोष्ट आठ वर्षे प्रेक्षकांना मुख्यतः बोलण्यातून कळत होती. प्रत्यक्ष तो निर्णायक क्षण कोणी पाहिला नव्हता.

मालिकेला ५० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २३ नोव्हेंबर २०१३ रोजी, लेखक स्टीव्हन मोफॅट यांनी तो दिवस दाखवला. ९४ देशांत हा भाग एकाच वेळी प्रक्षेपित झाला. त्या वेळी मी पहिली-दुसरीत होते आणि आमच्या घरी बीबीसीचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. पुढे कॉलेजात आल्यावर मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवरून, खाली उमटणारी इंग्रजी वाक्ये वाचत वाचत, तो पाहिला.

कथानक असे. युद्धात होरपळलेला म्हातारा डॉक्टर (ही भूमिका जॉन हर्ट यांची) एक महाभयंकर अस्त्र घेऊन ओसाड रानातल्या एका गोठ्यात येतो. पण या अस्त्राला सदसद्विवेकबुद्धी आहे. ते एका तरुणीच्या रूपात त्याच्यासमोर येऊन बसते, आणि कळ दाबण्यापूर्वी त्याला त्याचीच पुढची दोन रूपे दाखवते. डेव्हिड टेनंट आणि मॅट स्मिथ यांनी साकारलेले हे दोन डॉक्टर म्हणजे कळ दाबून झाल्यानंतर जगलेला तोच माणूस. तिघे लंडनच्या किल्ल्यातल्या कोठडीत अडकतात. तिथे म्हातारा त्या दोघांना विचारतो, की त्या दिवशी गॅलिफ्रेवर किती मुले होती हे तुम्ही कधी मोजलेत का? सर्वांत पुढच्या काळातला डॉक्टर म्हणतो, मला कल्पना नाही. मधला मात्र तत्काळ आकडा सांगतो : २४७ कोटी. आणि मग तो आपल्याच पुढच्या रूपाकडे ज्या नजरेने पाहतो, ती पाहण्यासारखी आहे. तू विसरलास? विसरू कसा शकलास?

बहुतेक चाहते या भागाविषयी बोलतात ते तीन डॉक्टर एकत्र आले म्हणून, किंवा शेवटी जुने डॉक्टर टॉम बेकर अवचित दिसतात म्हणून. मलाही ते आवडले. परंतु भागाचा कणा त्या कोठडीतल्या प्रश्नात आहे. कळ दाबणे हे पाप आहे की नाही, यावर वाद घालता येईल. युद्धात सारे विश्वच जळत होते, हा युक्तिवाद खोटा नाही. मोफॅट यांनी बोट ठेवले आहे ते त्यापुढच्या गोष्टीवर. मोठ्या कल्याणासाठी लहान गोष्टीचा बळी दिला, असे म्हणणाऱ्याने निदान त्या 'लहान गोष्टी'ची संख्या पाठ ठेवावी. मधल्या डॉक्टरने ती ठेवली आणि तो झुरत राहिला. पुढच्याने ती सोडून दिली, म्हणून तो हसू-खेळू शकला.

मुळशी तालुक्यात राहणाऱ्या मुलीला हे बघताना गॅलिफ्रे फार लांब वाटत नाही. मुळा आणि निळा यांच्या संगमावर धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात सोडायचे आणि मुंबईसाठी वीज करायची, अशी योजना शंभर वर्षांपूर्वी आली. पन्नासच्या आसपास मावळी गावांवर पाणी फिरणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. १९२४ च्या अखेरीस लढा संपला आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. तेव्हाही मोठ्या कल्याणाचाच युक्तिवाद होता, आणि तोही सर्वस्वी खोटा नव्हता. मुंबईला वीज हवीच होती.

माझ्या आजीच्या सासूबाईंचे माहेर त्या पाण्याखाली गेले. तिथे किती घरे होती, असे मी आजीला विचारले. तिला आकडा सांगता येईना. पण सासूबाई तांदूळ पाखडताना घरे मोजायच्या, हे तिला आठवले. पाटलाचे, त्याला लागून गुरवाचे, मग चिंचेखालचे, मग ज्याच्या दारात जाते फुटून पडले होते त्याचे. आजी बोटे मोडत सतरापर्यंत पोचली आणि मग म्हणाली, "पुढची त्यांनाच ठावं."

या भागातले एक उपकथानक पुष्कळांना कंटाळवाणे वाटते. माझ्या मते राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने सर्वांत बारकाईने पाहावे ते तेच. झायगॉन नावाचे परग्रहवासी हुबेहूब माणसांची रूपे घेऊन लंडनच्या शस्त्रागारात शिरतात. ती शस्त्रे त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून तिथली प्रमुख, केट, किल्ल्याखालचा अणुबाँब उडवायला निघते. जगातले अब्जावधी वाचावेत म्हणून लंडनमधले लाखो मरणार, म्हणजे पुन्हा तेच गणित. तिन्ही डॉक्टर इथे एक युक्ती करतात. खोलीतल्या सर्वांची, आपण माणूस की झायगॉन ही आठवणच ते तात्पुरती पुसतात आणि सांगतात, आता तह करा. आपण कोणत्या बाजूचे हेच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकाला दोन्ही बाजूंना न्याय मिळेल असाच तह लिहावा लागतो. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात 'अज्ञानाचा पडदा' म्हणून जी कल्पना मांडली, तीच ही. वर्गात ती समजायला मला दोन तास लागले होते. इथे ती काही मिनिटांत समजते. आपण मुंबईत दिव्याखाली बसणार आहोत की खोऱ्यात चिंचेखालच्या घरात, हे ज्याला ठाऊक नाही अशा माणसाला मुळशीचा करार लिहायला बसवले असते, तर त्याने धरण बांधले असतेही कदाचित. पण त्याआधी घरे नक्की मोजली असती.

शेवटी तिघे गोठ्यात परततात, कळ दाबत नाहीत, आणि सर्व रूपांतले डॉक्टर मिळून अख्खा ग्रह काळाच्या एका क्षणात गोठवून दुसरीकडे दडवतात. डालेक एकमेकांच्याच माऱ्यात मरतात. इथे माझे मन पूर्ण भरत नाही. इतक्या सोयीने शत्रू संपणे म्हणजे लेखकाने घाई केली. याच संदर्भात डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका समांतर जगात जातात. तिथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. परंतु नारळीकर त्यांना परत आणतात. आपल्या जगातले १७६१ जसेच्या तसे राहते, मेलेले मेलेलेच राहतात, फक्त बखरीचे एक पान पंतांच्या हाती उरते. ही शिस्त मला मोफॅट यांच्या उदारपणापेक्षा जास्त पटते.

तरीही त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मधल्या आणि म्हाताऱ्या डॉक्टरला हे सारे आठवणार नाही, अशी अट त्यांनी घातली आहे. मुले वाचली, पण वाचवणाऱ्याला ते ठाऊक नाही. तो आपण मारेकरी आहोत असे समजूनच पुढची शतके काढणार, आकडा पाठ करीत. त्यामुळे २००५ पासूनचे दुःख खोटे ठरत नाही. ही अट नसती तर मी हा भाग दुसऱ्यांदा पाहिला नसता.

पुढे जानेवारी २०२० मध्ये, 'स्पायफॉल' या कथेच्या दुसऱ्या भागात, गॅलिफ्रे पुन्हा बेचिराख झाल्याचे दाखवले. ते केले म्हणून सांगणारा खलनायक रंगवणारे नट साशा धवन यांनीच २०१३ च्या एका चित्रपटात वारिस हुसेन यांची भूमिका केली होती, हा एक गमतीचा योग. त्यांचे काम उत्तम आहे. मात्र या वेळी मुलांचा आकडा कोणीही विचारला नाही. तो भाग मी एकदाच पाहिला.